लेबल बनवणाऱ्या कंपन्या नवीन कारखाना टाकायच्याऐवजी दुसऱ्या कंपन्याच का विकत घेतात?

तुम्ही विचारलंय की पैसा असताना या कंपन्या स्वतः मशीनं टाकून का वाढत नाहीत. मी कुडाळ एमआयडीसीत रोल लेबलं छापतो, गिऱ्हाईक सगळं कोकम, काजू, आंबा पल्पवालं, तेव्हा धंद्यातलं सांगतो. मशीन बाजारात मिळतं हो, पण पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाईकाचं, अप्रूव्हल मिळत नाही.

कोकम सरबताचं एक लेबल माझ्याकडे आलं तेव्हाची गोष्ट. बाटली फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवली की पाच मिनिटांत तिला बाहेरून पाणी सुटतं आणि साध्या क्रोमो (चकचकीत) कागदाचा कोपरा उचलायला लागतो. मग पीपी, म्हणजे प्लास्टिकची, फिल्म घेतली, गम बदलला, परत तोच प्रयोग, त्यात आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली म्हणून रोल महिनाभर गोडाऊनमध्ये ठेवून बघितला, आणि लाल शेड तर सरबतवाले मालक बाहेर उन्हात नेऊन बघायचे. तीन महिने गेले यात. आता कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी ते हलत नाहीत, कारण बाटलीमागे लेबलाचा खर्च किरकोळ पण लेबल सुटलं तर अख्खा माल परत येतो.

हेच मोठ्या प्रमाणावर धरा. औषधवाले, शाम्पूवाले लेबल सप्लायर सहज बदलत नाहीत, मग नवीन देशात शिरायचं तर तिथे ज्याला आधीच मान्यता आहे त्यालाच घेणं सोपं. कॅनडाची लेबलवाली सीसीएल बघा, 1951 ची कंपनी, 2013 ला एव्हरी डेनिसनचा ऑफिस स्टेशनरी वगैरेचा धंदा 50 कोटी डॉलरला घेतला, 2016 ला चेकपॉइंट घेतली, दुकानात कपड्यांना चोरीविरोधी टॅग असतात ते बनवणारी, आणि 2017 ला इनोव्हिया, जी तेव्हा प्लास्टिकच्या नोटांची फिल्म बनवायची. म्हणजे लेबलावरून सुरक्षेच्या मालापर्यंत पोचले. एवढं सगळं शून्यापासून उभं करायला किती वर्षं गेली असती विचार करा. शिवाय कागद, फिल्म, गम एकत्र घेतला की भाव पडतो तो फायदा वेगळाच.

धोकाही आहेच. मल्टी-कलर या अमेरिकन लेबल कंपनीने 2017 ला कॉन्स्टँशियाचा लेबल धंदा सुमारे 1.3 अब्ज डॉलरला घेतला, आणि 2019 मध्ये कंपनी स्वतःच प्लॅटिनम इक्विटी या गुंतवणूक फर्मकडे गेली. तुम्ही शेअरसाठी विचारत असाल तर आधी अशा खरेदीसाठी काढलेलं कर्ज बघा, आणि दुसरं म्हणजे घेतलेल्या कारखान्यातली जुनी माणसं टिकली का ते. माझ्याकडचा ऑपरेटर कोकमाचा लाल रंग नजरेनेच जुळवतो, शेड कार्ड नंतर लावतो. उद्या कोणी माझा धंदा घेतला आणि त्याला काढलं तर ती सरबतवाली पार्टी दोन ऑर्डरींत निघून जाईल, मशीन तिथेच असेल तरी.