गीझरचा व्हॉल्व्ह गळतोय? तोंड बुजवू नका

थंडी पडली की गीझरविषयीची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत 'गळतं' हा शब्द आहे, म्हणून त्यातली चार एकत्र घेतो.

प्रश्न (डोंबिवली): आमच्या २५ लिटरच्या गीझरला खाली पितळी व्हॉल्व्ह आहे. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब गळतं, गीझर बंद केला की थांबतं. प्लंबर म्हणतो, एम-सील लावून तोंड बंद करतो. करू द्यावं का?

अजिबात नाही. कृपा करून त्याला हात लावू देऊ नका.

तापलं की पाणी फुगतं. २५ अंशांचं २५ लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापलं, तर ते साधारण अर्धा लिटर वाढतं. हे वाढलेलं पाणी जाणार कुठे? नळ बंद आहे. गच्चीवरच्या टाकीकडेही परत जाता येत नाही, कारण त्याच पितळी व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते. ती हवीच, नाहीतर वरची टाकी रिकामी झाल्यावर गीझरही रिकामा होईल आणि कॉइल कोरडी जळेल. मग उरते एकच वाट, व्हॉल्व्हच्या बाजूची बारीक नळी. तिथून थेंब पडतात, म्हणजे व्हॉल्व्ह नेमून दिलेलं काम करतोय.

ही वाट बंद असताना थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा) चिकटला आणि कटआउटही (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा दुसरा बचाव) पडला नाही, तर काय होतं ते ऐका. टाकीत २ बार दाब असेल तर पाणी १०० अंशांना उकळत नाही, १३० च्या पुढे जातं. अशी टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. एवढ्या जोरापुढे बाथरूमची भिंतही टिकेल असं समजू नका. आजीच्या तांब्याच्या बंबाला ही भीती नव्हती, त्याचं झाकण सैल असायचं. गीझरची टाकी चहूबाजूंनी बंद असते, त्या झाकणाचं काम हा व्हॉल्व्ह करतो.

मागे एका घरी मी नळीच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली आणि वरून एम-सीलचा जाड थर दिलेला पाहिला. खाली लहान मुलाची आंघोळीची बादली होती. तो गीझर तिथेच बंद करायला लावला.

थेंबांचा त्रास होत असेल तर नळीला लवचीक पाइप जोडून तो नाहणीच्या जाळीपर्यंत उताराने न्या. त्याचं टोक उघडं ठेवा, बादलीतल्या पाण्यात बुडवू नका. आणि गीझर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कधीही कॉक बसवू नका. कॉक हवा तर व्हॉल्व्हच्या अलीकडे, थंड पाण्याच्या बाजूला.

प्रश्न (पुणे): २२ मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. गीझर बंद असतानाही व्हॉल्व्ह दिवसरात्र गळतो. नवा बसवला, तोही गळतो.

तुमचा प्रश्न उष्णतेचा नाही, उंचीचा आहे. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. वीस मजले म्हणजे सुमारे ६० मीटर, म्हणजे ६ बार. खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लाइनवर असायला हवा. तो बिघडला असेल किंवा बसवलेलाच नसेल. सोसायटीकडून प्रेशर गेज लावून दाब मोजून घ्या आणि गीझरच्या प्लेटवर लिहिलेल्या दाबाच्या आकड्याशी ताडून बघा. दाब ठीक निघाला तर झडपेत क्षार किंवा वाळूचा कण अडकला असेल. टँकरच्या पाण्यात हे नेहमीचंच.

प्रश्न (कोल्हापूर): गच्चीवरच्या सोलरच्या उभ्या एअर पाइपमधून पाणी सांडतं. वर टोपण बसवू का?

नको. साध्या, बिनदाबाच्या सोलरची टाकी त्या पाइपातूनच श्वास घेते. वाफ आणि हवा तिथून बाहेर पडते. गरम टाकीतलं पाणी उतरताना हवा आत येते तीही तिथूनच. तोंड बंद केलंत तर उन्हात दाब वाढेल, आणि पाणी उपसलं जाताना पोकळी होऊन आतली टाकी चेपूही शकते.

पाणी सांडतं, कारण पाइप बुटका आहे. त्याचं तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा फूटभर तरी उंच हवं. साध्या पीव्हीसीने वाढवू नका, वाफेने तो वाकतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वापरा. अलीकडे घरात प्रेशर पंप बसवला असेल आणि त्याचं पाणी सोलरमध्ये जात असेल, तर पाइप कितीही वाढवून उपयोग नाही. पंपाची जोडणीच बदलावी लागेल.

प्रश्न (नाशिक): गरम नळ उघडला की फसफस वाफ येते, गीझर आतून गुरगुरतो. वापरत राहिलं तर चालेल?

आज संध्याकाळीसुद्धा लावू नका. नुसती गुरगुर असेल तर कॉइलवर क्षाराची पुटं चढली असतील. पण नळातून वाफ येते म्हणजे थर्मोस्टॅट वीज तोडत नाहीये. पुन्हा असं झालं तर बाथरूममधल्या बटणाजवळ जाऊ नका, घराच्या मुख्य बोर्डावरून गीझरचा एमसीबी पाडा. नळ, व्हॉल्व्ह, कशालाही हात न लावता बाहेर या, दार ओढून घ्या आणि काही तास गीझर निवू द्या. नंतर कंपनीच्या माणसाकडून थर्मोस्टॅट, कटआउट आणि तो पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह तिन्ही तपासून घ्या. थर्मोस्टॅट तेवढा बदलून तो निघू लागला, तर त्याला थांबवा आणि व्हॉल्व्हमधून पाणी खरंच बाहेर येतं का, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा.