सरकारी वकिलाचं काम आता रिमांडच्या दिवशीच सुरू होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नुकतीच निवड झाली, तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टात नेमणूक मिळाली, बोर्डावर (कोर्टाच्या रोजच्या यादीत) जुन्या आणि नव्या कायद्यांच्या केसेस एकत्र लागतात. अशा वेळी सरकार पक्षाच्या कामात खरोखर काय बदललं, कोणते निकाल हाताशी ठेवायचे आणि कामाची घडी कशी बसवायची?

जुनं कलम-नवं कलम असे तक्ते कुठेही मिळतील, ते टेबलाच्या काचेखाली ठेवा. पण खरा बदल कलमांच्या आकड्यांचा नाही, वेळेचा आहे. पूर्वी केस पुराव्याला लागली की आपण फाइल उघडायचो आणि सरतपासात (आपल्याच साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांत) सावरून घ्यायचो. आता कायद्याने आणि सर्वोच्च न्यायालयाने तपासाच्या पहिल्या साठ-नव्वद दिवसांतल्या कागदांवर इतक्या अटी घातल्या आहेत की तिथे राहिलेली उणीव नंतर कितीही चांगल्या सरतपासाने भरून निघत नाही. म्हणून पहिल्या रिमांडलाच, म्हणजे पोलीस आरोपीला कोठडीसाठी कोर्टात हजर करतात तेव्हाच, फाइल वाचायला लागा. बाकीचं सगळं त्यातून येतं.

जुन्या-नव्याचा घोळ आधी मिटवू. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर एफआयआर कधीही नोंदवला असो, कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतात. त्या तारखेला प्रलंबित असलेला तपास, चौकशी किंवा खटला नव्या प्रक्रिया कायद्याच्या, म्हणजे बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम ५३१ मुळे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच पुढे जातो. घटना जुनी पण एफआयआर नंतरचा असेल, तर गुन्ह्याची कलमं जुनी आणि प्रक्रिया बीएनएसएसची. यापुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं की ते बीएनएसएसचं. रिमांड यादीत हे उलटसुलट झालेलं दिसलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

आता अटक. २०२३ मध्ये पंकज बन्सल, मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ, फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार असे एकामागून एक निकाल आले आणि अटकेची कारणं आरोपीला कळवण्याचा मुद्दा पीएमएलए (मनी लाँडरिंग) आणि यूएपीए (बेकायदा कारवाया) अशा विशेष कायद्यांपुरता राहिला नाही. मग ६ नोव्हेंबर २०२५ ला आपल्याच राज्यातल्या प्रकरणात, मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने सरळ सांगितलं: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. जागेवर लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून नंतर लेखी द्यायची, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती त्याच्या हातात पडली पाहिजेत. हे झालं नसेल तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. नंतर कारणं देऊन पुन्हा कोठडी मागता येते, पण तोवर आरोपी सुटलेला असतो.

त्यामुळे रिमांडच्या दिवशी पोलिसांचा कागद नुसता आहे की नाही एवढं पाहून थांबू नका, वाचा. बऱ्याचदा छापील नमुन्यात ‘आरोपी पळून जाऊ नये, पुरावा नष्ट करू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये’ एवढंच असतं. ही वाक्यं कुठल्याही आरोपीला चिकटवता येतात. या माणसाने काय केल्याचा आरोप आहे, कोणत्या माहितीवरून त्याचं नाव आलं, हे त्यात दिसायला हवं. दुसरं, भाषा. बांधकामावर आलेल्या उडिया मजुराला मराठी कागद देऊन सही घेतलेली असेल, तर ती सही आपल्या कामाची नाही. तिसरं, वेळ. पोच घेताना तारखेबरोबर घड्याळाची वेळ लिहायला सांगा, कारण दोन तासांचा हिशेब त्यावरच होणार. आणि कलम ३५(३) ची नोटीस (अटक न करता पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी) व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर ती धरली जात नाही, हे सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २०२५ मध्ये दोनदा स्पष्ट झालं आहे.

फाइलच्या आतल्या पानावर पोलीस कोठडीच्या दिवसांचा हिशेब स्वतः ठेवा. कलम १८७ प्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलग पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागत नाही. गुन्ह्याच्या शिक्षेनुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ती तुकड्यातुकड्याने मागता येते. किती दिवस वापरले, साठ की नव्वद दिवसांची मुदत लागू आहे, दोषारोपपत्राचा शेवटचा दिवस कोणता, हे तुम्हाला तोंडपाठ हवं. मुदत हुकली की जामीन हा आरोपीचा हक्क होतो, तिथे आपला ‘से’ (अर्जावरचं सरकार पक्षाचं लेखी म्हणणं) काही कामाचा नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इलेक्ट्रॉनिक पुराव्याकडे द्या. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा जुलै २०२० चा निकाल वाचला नसेल तर याच आठवड्यात वाचा. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला वाद. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरायचं होतं आणि अधिकारी त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दल कायद्याने लागणारं प्रमाणपत्र द्यायला तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. मूळ साधन कोर्टात नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. ते कोणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं, आणि खटला संपेपर्यंत ते हजर करण्याचा मार्ग खुला असतो, फक्त आरोपीच्या बचावाला बाधा येता कामा नये.

नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) ने याच्यावर आणखी एक पायरी चढवली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत: भाग ‘ए’ साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ‘बी’ तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) लिहायची आणि ती कोणत्या पद्धतीने काढली (एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ की आणखी काही) त्यावर खूण करायची.

किराणा दुकानाच्या सीसीटीव्हीचं उदाहरण घ्या. हवालदार डीव्हीआरमधून (कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रातून) चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेतो, दुकानदाराची एका कोऱ्या कागदावर सही घेतो, पेन ड्राइव्ह पाकिटात घालून मुद्देमालात जमा करतो. इथे काय काय राहिलं? डीव्हीआरची कंपनी, मॉडेल, रंग, सीरियल नंबर नाही. हॅश त्याच वेळी काढला नाही, म्हणजे महिन्याने प्रयोगशाळेने काढलेला हॅश जुळवायचा तरी कशाशी? भाग ‘बी’ वर सही कोणाची, याचा कोणी विचारच केलेला नाही. आणि सगळ्यात साधी, पण उलटतपासात हटकून निघणारी गोष्ट: डीव्हीआरचं घड्याळ चुकीचं असतं. पंचनामा करताना डीव्हीआरवर किती वाजले होते आणि प्रत्यक्षात किती, ही एक ओळ लिहून घेतली तर पुढचा मोठा वाद टळतो. दोषारोपपत्रात इलेक्ट्रॉनिक साधन कोणाकोणाच्या ताब्यातून गेलं याचा क्रम द्यावा, असं आता कलम १९३(३) च सांगतं. तो तक्ता नसेल तर दोषारोपपत्र दाखल होण्याआधीच त्रुटी म्हणून लेखी कळवा.

झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ ने सक्तीचं केलंय आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचंय. पोलिसांच्या ई-साक्ष्य ॲपवर रेकॉर्ड केलं असेल तर नोंद सापडते. कोणी स्वतःच्या मोबाइलवर केलं असेल तर तो मोबाइल आज कुठे आहे, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. पंच फितूर झाले तरी हे चित्रीकरण तुमच्या बाजूने उभं राहतं, पण तेही इलेक्ट्रॉनिक पुरावाच आहे, प्रमाणपत्र त्यालाही लागतं.

इथे एक सीमारेषा फार जपा. बीएनएसएसच्या कलम २० ने अभियोग संचालनालयाला पोलीस अहवालाची छाननी करण्याचं काम दिलंय. त्याचा अर्थ आपण तपासी अंमलदार झालो असा नाही. एस. बी. शहाणे प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रालाच सांगितलं होतं की अभियोक्त्यांचं वेगळं, पोलीस खात्यापासून स्वतंत्र केडर तयार करा. आपण ज्या खुर्चीत बसतो तिचा पाया तिथे आहे. आर. सरला प्रकरणात २००० मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की दोषारोपपत्रात कोणाला आरोपी करायचं हे ठरवणं तपास यंत्रणेचं काम, अभियोक्त्याचं नव्हे. म्हणून त्रुटी दाखवा, कायद्याची गरज सांगा, लेखी सांगा. अमुक साक्षीदाराचा जबाब अमुक प्रकारे घ्या, असं कधीही सांगू नका. ठाण्यातून फोन आला तरी नाही.

जामिनाला ‘से’ देताना ‘गुन्हा गंभीर आहे, सक्त हरकत’ हे रबरी शिक्क्यासारखं लिहायची सवय लावून घेऊ नका. जावेद गुलाम नबी शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य, जुलै २०२४: मुंबईतल्या बनावट नोटांच्या प्रकरणात चार वर्षं खटला सरकला नव्हता. राज्याला खटला वेगाने चालवता येत नसेल तर केवळ गुन्हा गंभीर म्हणून जामिनाला विरोध करू नये, असं न्यायालयाने म्हटलं. कलम ४७९ पण डोक्यात ठेवा. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत राहिला की त्याचा विचार व्हायलाच हवा, आणि ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार हे जुन्या प्रकरणांनाही लागू आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस प्रलंबित असलेले यातून वगळलेत. जिथे खरोखर विरोध करायचाय तिथे कारण ठोस लिहा: कोणता साक्षीदार त्याच गल्लीत राहतो, कोणती वस्तू जप्त व्हायची आहे. मग न्यायाधीशही तुमच्या हरकतीला वजन देतात.

साक्षीदार फितूर झाला की पुढे काय, हे कोणी नीट शिकवत नाही. अनीस विरुद्ध दिल्ली राज्य या मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांना याच गोष्टीवरून खडसावलंय. फितूर साक्षीदाराला पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवायचा, त्याने ‘असं सांगितलं नाही’ म्हणायचं आणि आपण खाली बसायचं, हा उलटतपास नव्हे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५७ खाली आपल्याच साक्षीदाराला उलटतपासाचे प्रश्न विचारायची परवानगी घ्या. मग जबाबातला नेमका तेवढा भाग त्याला दाखवा, नाकारला तर तेवढ्या भागावर खूण करून त्याला पोर्शन मार्क ‘ए’ द्या, आणि तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की तोच भाग त्याच्याकडून सिद्ध करून घ्या. ही शेवटची पायरी गाळली तर पोर्शन मार्क हा निव्वळ कागद राहतो. यादी करून टेबलावर ठेवा: कोणत्या साक्षीदाराचा कोणता मार्क अजून सिद्ध व्हायचाय. याशिवाय त्याला विचारा की तो आरोपीला किती वर्षं ओळखतो, त्याच्याकडे कामाला आहे का, घटनेच्या दिवशी गावात होता का, जखमीला दवाखान्यात नेताना सोबत होता का. फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच वाया जात नाही, विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं. तो बाहेर काढायचं काम तुमचं.

तारखा वाचवायच्या असतील तर कलम ३३० वापरा. कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याला मान्य-अमान्य सांगावं लागतं, आणि अहवालावर वाद नसेल तर तज्ज्ञाला बोलवायची गरज नाही. बदली झालेल्या किंवा निवृत्त अधिकाऱ्याऐवजी त्या पदावरचा सध्याचा अधिकारी कागदाबद्दल साक्ष देऊ शकतो, हे कलम ३३६ मध्ये आहे.

फिर्यादीशी दोन शब्द बोलत जा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, केस मागे घेताना पीडिताला ऐकून घेणं कलम ३६० ने सक्तीचं केलंय. कोर्टात आलेल्या बाईला पुढची तारीख आणि तिचं काम काय एवढं आपल्या भाषेत समजावून सांगितलं, तर ती साक्षीला नक्की येते.

निर्दोष सुटकेचा निकाल लागला की अपिलाचं मत त्याच दिवशी लिहायला घ्या. दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या निकालावर कलम ४१९ खाली सत्र न्यायालयात अपील जातं, निर्देश जिल्हादंडाधिकारी देतात. मुदत नव्वद दिवसांची दिसते खरी, पण नक्कल, मत, मंजुरी यांत ती भराभर सरते. मतात ‘निकाल पुराव्याच्या विरुद्ध आहे’ एवढंच लिहू नका. कोणत्या साक्षीदाराचा कोणता परिच्छेद न्यायालयाने विचारात घेतला नाही, कोणती निशाणी (कोर्टाने क्रमांक दिलेला पुराव्याचा कागद) सिद्ध असूनही सुटली, ते पान क्रमांकासह लिहा. आणि अपील करण्यासारखं नसेल तर तसंही कारणांसह स्पष्ट लिहा.