सांबार (कोथिंबीर), पुदिना, गोडनिंब (कढीपत्ता) : पहिल्या वाफ्याआधी

भाऊ, सुरुवात एकाच वाफ्याने करा. 3 फूट रुंद, 6 फूट लांब, जमिनीपासून अर्धा फूट उंच. रुंदी याहून वाढवू नका, नाहीतर निंदायला वाफ्यात पाय द्यावा लागतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून उंची हवीच. वर चार घमेली शेणखत मिसळा, पण पुरतं कुजलेलं. कच्च्या शेणासोबत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते.

सांबार दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरा. सगळी गडबड धन्यातच होते. एका धन्यात दोन बिया असतात. चपलेखाली हलकेच रगडून त्याच्या दोन डाळी करा. भुगा झाला तर बी गेलं. रात्रभर भिजवून, निथळून, अर्धा इंच खोल ओळीत टाका. वर मातीऐवजी खताचा पातळ थर द्या, कारण काळ्या मातीची पापडी धरली की कोंब आतच अडतो. झारीनेच पाणी द्या. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात. चौथ्या दिवशी उकरून पाहू नका! दर पंधरवड्याला दोनच ओळी पेरा. उन्हाळ्यात सांबार पानांआधी फुलावर जातो, तेव्हा सावली लागते.

पुदिना वाफ्यात नकोच, सगळीकडे पसरतो. बूड फुटलेल्या टोपल्यात, रांजणाच्या ओलीला लावा.

गोडनिंब पावसाळ्यात, वाफ्यापासून 5-6 फूट दूर. पहिलं वर्ष पानं ओरबाडू नका, दुसऱ्या वर्षी शेंडा खुडा.