चीर उभी की आडवी?

प्रश्न : लक्ष्यवेधासाठी मी .308 मापाची बोल्ट रायफल (हाताने बोल्ट, म्हणजे मागचा खटका, ओढून काडतूस भरायची) वापरतो आणि उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतो. पाचव्या भरणीनंतर दोन पुंगळ्यांची मान उभी चिरली, आणि चार-पाच पुंगळ्यांच्या बुडाजवळ चकचकीत गोल पट्टा दिसू लागला. मित्र म्हणतो, दारू जास्त पडतेय. प्रमाण कमी करू का?

उत्तर : दारूवर एवढ्यात आळ घेऊ नका. ती जास्त झाली तर बोल्टचा दांडा उचलताना जोर लागतो, बुडाच्या सपाटीवर पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा चमकदार ठसा उमटतो, प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) आपल्या खळग्यात सैल बसू लागतो. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. नुसता चपटा प्रायमर पाहून घाबरणारे पुष्कळ भेटतात; पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, फट असली तरीही तो चपटा होतो.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. मानेची उभी चीर त्यातलं साधं. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. दर भरणीला मान फुगते, डाय, म्हणजे पुंगळी पुन्हा मापात दाबणारा साचा, ती आवळते. असं होत होत पितळ कडक होऊन तडकतं. चिरलेल्या दोन टाकून द्या, बाकीच्यांची मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा तापवून मऊ करा. आच बुडापर्यंत जाऊ देऊ नका, मऊ पडलेलं बूड दाब पेलत नाही. आणि अमोनिया असलेलं पॉलिश पितळाला लावू नका. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असताना अशीच आपोआप तडकत, ती जनावरांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियामुळे.

आता तो पट्टा, तो आडव्या चिरेची सुरुवात असू शकतो. मला काळजी त्याची वाटते. बार उडाला की पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बूड जाड, ते चिकटत नाही. मागे बोल्टपर्यंत फट असेल तर दाब त्याला मागे रेटतो. धड जागच्या जागी, बूड मागे, आणि ताण पडतो बूड आणि भिंत यांच्या सांध्याच्या जरा वर. पुढच्या भरणीला तुमची डाय खांदा पुन्हा खाली ढकलते, फट पुन्हा तयार. चार-पाच खेपांत भिंत तिथे झिरझिरीत होते.

असाच एक पट्टा मी ‘डायचा ओरखडा असेल’ म्हणून सोडला होता. पुढच्या बाराला बोल्ट ओढला तर नुसतं बूड बाहेर आलं, धड चेंबरमध्येच. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, काचेवर काजळीचे ठिपके होते.

डायही तिथे पट्टा उमटवते, तो निरुपद्रवी असतो. म्हणून बाहेरून निकाल देऊ नका. कागदाच्या पिनेची तार सरळ करा, टोक काटकोनात वाकवून घासून टोकदार करा. आत बुडाला टेकवून भिंतीवरून हळूहळू वर ओढा. निरोगी पुंगळीत टोक सरळ घसरत येतं. आजारी पुंगळीत पट्ट्यापाशी नख अडकावं तसं अडकतं. खात्री नसेल तर एक पुंगळी करवतीने उभी कापा. जाड बूड जिथे भिंतीत उतरतं, तिथे आतून कोरल्यासारखी खाच दिसेल. मी नवशिक्यांना आधी हेच करायला लावतो.

खाच सापडली तर डाय थोडी वर घ्या, खांदा इंचाच्या एक-दोन सहस्रांशांहून जास्त मागे जाता कामा नये. नवीन, पहिल्यांदाच उडवलेल्या पुंगळीवरही असा पट्टा आला, तर दोष डायचा नाही. रायफल बंद ठेवा आणि हेडस्पेस गेजने (चेंबरमधली ही फट तपासायचं माप) तपासून घ्या.

ज्यांत तार अडकली त्या पुंगळ्या पक्कडीने चेपून मगच भंगारात टाका. नुसत्या बाजूला ठेवल्या, तर कधीतरी चांगल्यांत मिसळतात.