गव्हात क्षार सहन करण्याचा जनुक एकच असतो का? खारवट पाण्यात चांगला उगवलेला वाण पुढेही टिकेल का?

नाही. उगवणीची सहनशीलता आणि पुढच्या वाढीतली सहनशीलता बऱ्याच अंशी वेगळ्या जनुकांवर अवलंबून असते. सर्वांत नीट उलगडलेला भाग ४डी गुणसूत्रावर आहे. तिथला एचकेटी१;५ जनुक मुळांतून वर चढणारं सोडियम जलवाहिनीतून काढून घेतो, त्यामुळे पानात ते कमी पोचतं. पण बी रुजताना पानच नसतं! तेव्हा खरी अडचण पाणी शोषण्याची, आणि तिथे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. म्हणून कृपया नुसत्या उगवण चाचणीवर वाण निवडू नका. राजस्थानचा खारचिया ६५ किंवा त्याच्या संकरातून कर्नालला तयार झालेला केआरएल १-४ खारवट जमिनीत पारखलेले आहेत.