उन्हाळी म्हणून किती दिवस थांबायचं?

प्रश्न : दोन दिवसांपासून लघवीला जळजळ होते. सारखं जावंसं वाटतं, गेलं की चमचाभरच होते. ताप नाही. सासूबाई म्हणतात, उन्हाळी लागली आहे, पाणी पी, उतरेल. थांबू की डॉक्टरांकडे जाऊ? आणि कोणत्या? (वय ३४)

उत्तर : पाणी कमी पडून लघवी गडद झाली की जळजळ होते, हे खरं. पण ती भरपूर पाणी प्यायल्यावर ओसरायला लागते. जळजळ, सारखी घाई आणि थेंब-थेंब लघवी ही तिन्ही एकदम असतील आणि अंगावरून पांढरं जात नसेल, खाज नसेल, तर मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाल्याची शक्यताच जास्त. दोन दिवस झालेच आहेत, आता आणखी वाट पाहू नका.

बहुतेक वेळा हा जंतू आतड्यातला ई. कोलाय असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, पुरुषाचा सुमारे २०. म्हणून हा त्रास बायकांना जास्त. ‘स्वच्छता ठेवत नाहीस’ हा टोमणा त्यामुळे मनावर घेऊ नका.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, यूरॉलॉजिस्टची (मूत्रविकारतज्ज्ञाची) आत्ता गरज नाही. खाज किंवा पांढरं जाणं असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दिवस गेल्याची शंका असेल तर ते आधी सांगा. गरोदरपणात काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी उपचार करावे लागतात.

साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन साधारण ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी देतात. ही नावं दुकानात जाऊन मागण्यासाठी सांगितलेली नाहीत. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर पहिलं औषध चालत नाही. जळजळ थांबवणारं सायट्रेटचं सिरप जंतू मारत नाही. उलट लघवी अल्कधर्मी झाली की नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर कमी होतो. दोन्ही सोबत घ्यायची असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्या’ असा आला. लॅबची चूक की माझी?

उत्तर : बहुधा नमुना घेतानाच गडबड झाली असणार, आणि नमुना कसा घ्यायचा ते सहसा कोणी सांगतच नाही. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं. त्यात अनेक प्रकारचे जंतू एकदम उगवले म्हणजे त्वचेवरचे किंवा योनीमार्गातले जंतू बाटलीत उतरले. त्यातून खरा गुन्हेगार ओळखता येत नाही.

लॅबकडून निर्जंतुक बाटली घ्या, घरातली धुतलेली बाटली चालणार नाही. आधी हात धुवा. बायकांनी भगोष्ठ (योनीमुखाच्या दोन्ही बाजूंच्या कडा) बोटांनी बाजूला करून साध्या पाण्याने पुढून मागे पुसावं आणि लघवी संपेपर्यंत ते तसेच दूर धरावेत. खरी चूक इथेच होते, बाटली उचलायच्या नादात बोटं सुटतात. पुरुषांनी पुढची कातडी मागे सारून धुवावं. पहिली धार भांड्यात सोडा, धार न थांबवता मधली बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा भांड्यात. १०-२० मिलिलिटर पुरे. झाकण आतली बाजू खाली करून ठेवू नका, आतल्या बाजूला बोट लावू नका.

बाटली शक्यतो तासाभरात पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. बाहेर राहिली तर थोडेसे जंतूही वाढून मोठा आकडा दाखवतात. लघवी ३-४ तास मूत्राशयात साठलेली असेल तर उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचं, नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या. घरात उरलेल्या दोन गोळ्या घेऊन गेलात, तर जंतू अर्धवट दबतात, कल्चर कोरा येतो आणि त्रास मात्र तसाच राहतो. कल्चरला साधारण २ ते ३ दिवस लागतात, कारण आधी जंतू वाढवायचा आणि मग कोणत्या औषधाने मरतो ते पाहायचं. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, रिपोर्ट आला की गरज पडल्यास बदलतात. रिपोर्ट न्यायला विसरू नका, पहिल्या औषधाने बरं वाटलं तरी.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, मधुमेही. कालपासून थंडी वाजून १०२ ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखतं, दोनदा उलटी झाली. लघवीलाही जळजळ आहे. उद्या फॅमिली डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. (मुलगी)

उत्तर : उद्याची वाट पाहू नका, आत्ताच रुग्णालयात न्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची ही लक्षणं आहेत. पहिल्या उत्तरातली औषधं इथे कामाची नाहीत, ती मूत्राशयात पुरेशी साठतात, मूत्रपिंडाच्या पेशींत नाही. उलटीमुळे गोळी टिकणार नाही, शिरेतून औषध लागेल. वडील गोंधळल्यासारखे बोलत असतील, अंग गार पडलं असेल किंवा लघवी अडकली असेल, तर तिथे पोहोचताच पहिलं हेच सांगा. मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.

बरे झाल्यावर यूरॉलॉजिस्टला दाखवाच. या वयातल्या पुरुषात प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून लघवी मागे राहते का, खडा आहे का, हे सोनोग्राफीत पाहावं लागतं. सोनोग्राफी लघवी करण्याआधी आणि नंतर, अशी दोनदा करून घ्या. मागे किती राहते ते त्यातूनच कळतं.