यवतमाळकडच्या गावात राहतो. जुन्या महिंद्रा जीपची गंजलेली चेसिस घरीच नीट करता येईल का?

येईल भाऊ, पण आधी ती वाचण्यासारखी आहे का ते पाहा. बॉडी उतरवा, चिखल धुऊन काढा आणि दोन्ही लांब पट्ट्यांवर छोट्या हातोडीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. बद्द वाजलं किंवा पापुद्रे पडले तर समजा आतून खाल्लंय. पाट्यांचे (स्प्रिंगचे) हँगर, म्हणजे पाटे चेसिसला टांगणारे तुकडे, आणि क्रॉस मेंबरचे, म्हणजे दोन्ही पट्ट्या जोडणाऱ्या आडव्या दांड्यांचे, सांधे नीट बघा. आपल्याकडची काळी माती तिथं अडकून ओल धरून बसते.

मग कर्ण मोजा: चेसिसच्या पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. मापं जुळली नाहीत तर चेसिस वाकलेली आहे, ते काम घरचं नाही.

सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा जोडा. गंजावरच ठिगळ मारणारे वेल्डर पुष्कळ भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. वेल्डिंगआधी इंधनाची टाकी काढून लांब ठेवा, बॅटरी सोडा. चेसिस नंबरवर ग्राइंडर अजिबात नको, आरटीओत निस्तरताना नाकी नऊ येतील.

रंगकाम पावसाळ्याआधी उरका, पण सकाळीच. मे महिन्याच्या दुपारी लोखंड इतकं तापतं की रंग पसरायच्या आत सुकतो. घासून, थिनरनं पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) मारा. रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त आहे, चालतोही, फक्त वर एनॅमल रंग हवाच. पाणी निथळायची भोकं रंगानं बुजवू नका.